धाकटीला बाहेर काढू नका

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सात वर्षांची असताना ही गाडी मी तळ्यापलीकडे नेलीय. तळ्याला वळसा न घालता," धाकटी आत्या म्हणाली. तिने गाडीचं दार आतून लावून घेतलं होतं. काच चार बोटं खाली होती, तीही बोलण्यापुरती.

बाहेर भाचा उभा, त्याच्यामागे गाडी ओढून न्यायला आलेला ट्रक. एका हॉटेलने ती दारात शोभेला ठेवायला घेतली होती. पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढणार. थोरल्या आत्याने होकार दिलेला. ती गॅरेजच्या सावलीत खुर्चीवर बसून होती. भाचा समजावत होता, की या घरातल्या बायकांनी कधी गाडीला हात लावला नाही, मग आजच हा हट्ट कसला?

मग आत्याने सुरुवातच केली. मळ्यावरच्या दोन गाड्यांना वडील थोरली आणि धाकटी म्हणत, घरातल्या दोन मुलींनाही तेच. एकदा गावाला जाताना ते ड्रायव्हरला बजावून गेले, "धाकटीला बाहेर काढायचं नाही." ड्रायव्हर हुकुमाचा पक्का. त्याने पोरीला खोलीत कोंडलं आणि गाडी तशीच मोकळी ठेवली. पोर खिडकीतून उतरली. गाडी उतारावरून जी सुटली ती तळ्यात. बदकं हलेनात म्हणून भोंगा वाजवावा लागला. पलीकडे चढली तेव्हा मागच्या सीटवर तीन मासे बसलेले, ऐटीत.

ट्रकवाल्याने साखळी खाली ठेवली आणि तो हसत पायरीवर टेकला. भाचा हसला नाही.

"आत्या, पुरे. उतर आता."

"मी कशाला उतरू? ने मला गाडीसकट. हॉटेलवाल्याला सांग, गाडीवर म्हातारी फुकट."

थोरली काठी टेकत उठली. भाच्याला हायसं वाटलं. धाकटी ऐकेल तर हिचंच. थोरली गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने काठीने काच ठोकली. धाकटीने जरा विचार करून खटका काढला. थोरली आत बसली, दार ओढून घेतलं, खटका पुन्हा लावला. मग धाकटीच्या अंगावरून वाकून तिने फटीतून भाच्याला सांगितलं,

"धादांत खोटं बोलतेय ही. हिचे पाय कुठे पोचत होते? खाली बसून पेडल हातांनी मी दाबत होते."