भवानी पेठेत ‘धोटा’

“कोण हाय तो? नाव सांगा फक्त!” रत्नदीपनं टेबलावर हात आपटला.

पोलीस ठाण्यातले हवालदार ज्ञानबा निवांत चहा पीत राहिले. “नाव-बिव फायलीत हाय. फाईल साहेबांच्या कपाटात. साहेब बंदोबस्ताला गेल्यात, दुपारी तीनला या. तक्रारीचा अर्ज तुमच्याच पेठेतला हाय, एवढं सांगतो. शोची परवानगी रद्द.”

रद्द! शो संध्याकाळी सहाला आणि सांगतात सकाळी दहाला. रत्नदीपच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि का होऊ नये? पंधरा वर्षं हा माणूस हेवी मेटल रॉक ऐकायला गावोगाव हिंडला. पुण्यात धक्काबुक्कीत चष्मा फुटला. बेंगळुरूत कुणाचं तरी कोपर लागून दात हलला. हैदराबादला चार तास कठड्याला चिकटून उभा राहिला, तेव्हा कुठे गिटारवाल्याची बोटं दिसली. महापालिकेत कारकुनी करून मिळालेल्या सगळ्या रजा यातच गेल्या. आई, नागूबाई, वैतागायची. “काळे कपडे घालून जातोस आन घसा बसवून येतोस. असली कसली रं जत्रा?”

सोलापुरात मात्र असला शो कधी झालाच नाही. इथं वाट्याला यायचा डीजे. “डीजे म्हंजे गाणं न्हाय, भिंती पाडायचं मशीन हाय,” असं रत्नदीप ज्याला त्याला ऐकवायचा.

आणि मग आला ‘धोटा’. मागावर सुताच्या मधून इकडून तिकडे पळतो ना, तो धोटा. बँडचं नाव तेच. चारही जण भवानी पेठेतले. ड्रमवर सोमेश, जो दिवसभर माग चालवायचा आणि संध्याकाळी त्याच वेगानं ड्रम बडवायचा. त्यांच्या पुण्यातल्या पहिल्या शोला ऐकणारे नऊ जण होते. त्यातला एक रत्नदीप. आज पहिल्यांदा आपल्या पेठेत, शाळेच्या मैदानावर ते वाजवणार होते. आणि शेवटचंही, कारण परवा सोमेश नोकरीसाठी मस्कतला निघाला होता. आज नाही तर कधीच नाही.

सोमेश ठाण्याच्या पायरीवर बसून ड्रमच्या काड्या मांडीवर वाजवत होता. काय झालं ते ऐकून त्याचे हात थांबले.

“तू तोंड पाडू नको बे,” रत्नदीप म्हणाला. “कोण हाय ते हुडकतो आन तुझ्यापुढं आणून उभा करतो. मग बघ.”

संशय एकावरच होता. नबीसाब टेलर. दुकानासमोर कुणी हॉर्न वाजवला तरी म्हातारा कात्री घेऊन बाहेर यायचा.

रत्नदीप तडक दुकानात शिरला. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांचीही त्यानं भीड ठेवली नाही.

“चाचा, ठाण्यातल्या त्या अर्जावर सही तुमी केली?”

“केली की.” नबीसाबनी मशीन थांबवलं. “सबने की. सगळ्या गल्लीनं केली.”

“लाज वाटत न्हाय? पोरांची एक संध्याकाळ सोसवली न्हाय तुमाला?”

“तुज्या आईनं बी अंगठा दिला.”

हे मात्र त्याला झोंबलं. “म्हातारीला काय कळतंय? कुणीतरी गोड बोलून घेतला असंल. कोण आलता अंगठा घ्यायला? नाव सांगा!”

नबीसाबनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“कागद ठाण्यात हाय ना? मग बघ जाऊन. मी बोललो तर तुला गुस्सा येईल.”

“आलेलाच हाय!” रत्नदीप ओरडला आणि बाहेर पडला.

नुसतं ओरडून काही होत नसतं, हे त्याला ठाऊक होतं. कारकून होता शेवटी. चहाच्या टपरीवर बसून त्यानं उलट अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता. नळ, दिवे, रेशन, पेन्शन, काहीही असो, लोक त्याच्याच दारात यायचे. संगीत वेगळं आणि गोंगाट वेगळा, हे त्यानं तीन पानांत मुद्देसूद मांडलं.

तीनला तो सोमेशला घेऊन ठाण्यात हजर झाला. हवालदारांनी त्याची तीन पानं चाळली आणि परत दिली.

“उपयोग न्हाय, राव. काल फाईल चाळताना साहेबांच्या हाती लागला तो अर्ज. साहेब म्हनले, पंचवीस वर्सांत असा अर्ज बघितला न्हाय. कुटं फटच ठिवली न्हाय. वाद्य कुटलं बी असूं द्या, निमित्त कुटलं बी असूं द्या, पेठेत मोठा आवाज नको. वर परवानगी दिली तर कोर्टात खेचू म्हनून लिवलंय. आता एवढ्यावर कोन परवानगी देईल?”

“आन तुमी घाबरला?”

“घाबरनार की. लई हुशार मानूस हाय लिवणारा.”

“हुशार?” रत्नदीपचा आवाज चढला. “ज्यानं हे लिहिलंय ना, त्याचे हात मोडले पायजेत! चार पोरांचं वाटोळं केलं त्यानं. नीच हाय नीच!”

“मोडा की. पन ठाण्याच्या बाहेर,” असं म्हणत हवालदारांनी फाईल उघडून त्याच्यापुढं सरकवली.

रत्नदीपनं ती हिसकावली. अर्जावर तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. विषय होता मिरवणुकीतल्या डीजेचा. त्यानं पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटलं.

“नाव वाच की बे,” मागून सोमेश म्हणाला. “कोण हाय?”

खाली एकशे सदतीस सह्या आणि अंगठे होते. सगळ्यांत वर, वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: अर्जदार, रत्नदीप धर्मपाल तळभंडारे.