पळायचं घड्याळ

“आणि हे अंतर बरोबरच दाखवतं कशावरून?” गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा विचारलं.

बारक्याने तिसऱ्यांदा हसून सांगितलं की घड्याळ थेट वरच्या उपग्रहाला विचारून अंतर सांगतं. मनात म्हणाला, आता काय उपग्रहालाच खाली बोलावू? पण तोंडावर काही दिसू देणं परवडणारं नव्हतं. खेळाच्या सामानाच्या या दुकानातून गेल्याच महिन्यात, बारक्याची पाठ वळलेली असताना, कुणीतरी एक घड्याळ लांबवलं होतं. मालकांनी आवाज न चढवता बजावलं होतं, आणखी एक गेलं की त्याच्यामागोमाग तू. त्यात बिचाऱ्याचं नुकतंच लग्न ठरलेलं. होणाऱ्या सासऱ्यांनी पहिली चौकशी नोकरीचीच केली होती, आणि नोकरी अगदी पक्की आहे असं बारक्याने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

बारक्या हे नाव लहानपणी पडलेलं. पुढे माणूस चहूबाजूंनी वाढला, नाव आहे तेवढंच राहिलं.

गिऱ्हाईक जमीन मोजणीच्या खात्यातलं. दुसऱ्यांच्या हद्दी मोजण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वतः मोजल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास नाही. डॉक्टरांनी त्याला पळायला सांगितलं होतं. त्याने आधी घड्याळ घ्यायचं ठरवलं. पळणं काय, मागाहून होतंच.

माणूस मात्र सज्जन दिसत होता. आत येतानाच त्याने दार धरून ठेवलं आणि “या मावशी, पायरी आहे, जपून,” म्हणत एका म्हाताऱ्या बाईंना पुढे घातलं. बारक्यानेही लगबगीने “बसा मावशी” म्हणून काउंटरमागची स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. मावशी पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या आणि बघता बघता दुकान त्यांचंच झालं. बारक्याला म्हणाल्या, पडून राहिलेला माल दाखवू नकोस रे, चांगल्यातलं काढ. मोजणीवाल्याला म्हणाल्या, पोट बघ केवढं सुटलंय, वेळेवर शहाणपण सुचलं म्हणायचं. मोजणीवाला गोरामोरा झाला, पण उलट शब्द बोलला नाही. मग यातलं सगळ्यात भारी कुठलं, हेही मावशींनी विचारून घेतलं.

बारक्याचा जीव भांड्यात पडला. मावशीला घेऊन खरेदीला येणारा माणूस घड्याळ कशाला लांबवेल?

चांगल्यातली म्हणता म्हणता काचेच्या कपाटातली सगळी घड्याळं काउंटरवर आली. मोजणीवाल्याचं मन दोनांत अडकलं. दोन्ही पळवून पाहिल्याशिवाय आपण घेणार नाही, असं त्याने जाहीर केलं. दुकानापासून टपाल कचेरीला वळसा घालून परत. तो रस्ता त्याने स्वतः मोजलेला होता.

बारक्याने नियम सांगितला, दुकानातला माणूस बरोबर असल्याशिवाय घड्याळ उंबऱ्याबाहेर जात नाही.

“मग चला की तुम्हीही. एक तुमच्या हातात, एक माझ्या.”

“आणि दुकान?”

“मावशी आहेत ना!”

मावशींनी मान डोलावली. “जा रे पोरांनो. या गुडघ्यांनी मी कुठं जातेय?”

बारक्या उरलेली घड्याळं कपाटात ठेवू लागला, तर मावशींनी अडवलं. परत आल्यावर पुन्हा हीच मांडामांड करणार ना, मग कशाला दुप्पट काम? बारक्याने विचार केला, भाचा आपल्याबरोबर, मावशी दुकानात. फसवायला जागाच कुठं आहे? तो निघाला.

पळण्याची घड्याळं विकणं वेगळं आणि पळणं वेगळं, हे त्याला पहिल्याच वळणावर कळलं. पोट आधी पळत होतं, बारक्या मागाहून पोचत होता. टपाल कचेरीपाशी तर घड्याळाला वाटलं हा माणूस थांबलाय, आणि त्याने मोजणंच बंद केलं. बारक्याने हात जोरजोरात हलवून त्याला कसंबसं पुन्हा चालू केलं. मोजणीवाल्याचीही गत फार वेगळी नव्हती. दोघंही धापा टाकत होते, त्यामुळे बोलणं तुटक तुटक झालं.

“मावशी... फार मोकळ्या स्वभावाच्या... आहेत हो,” मोजणीवाला म्हणाला.

“घरात... असं माणूस... हवंच,” बारक्या म्हणाला.

दुकानाच्या पायरीशी दोघांनी मनगटं जवळ धरली. मोजणीवाल्याचं घड्याळ त्याच्या मोजणीशी तंतोतंत जुळलं. बारक्याचं थोडं कमी भरलं, पण तो दोष घड्याळाचा नव्हता. मोजणीवाल्याचा आनंद गगनात मावेना. दोन्ही घेतो म्हणाला, एक बायकोला. बारक्याच्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा चेहरा आला, तोही चक्क हसताना. एवढं चांगलं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दोघं आत शिरले. खुर्ची रिकामी होती. काउंटर पुसून घ्यावा तसा स्वच्छ होता.

बारक्याने डोकं थंड ठेवलं. माणूस तर हातात होता. त्याने मोजणीवाल्याचं मनगट घड्याळासकट घट्ट पकडलं.

“कुठं गेल्या तुमच्या मावशी?”

“माझ्या?” मोजणीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. “अहो, मी तर त्यांना तुमच्या समजत होतो.”