सव्वीस अंश

पाळलेल्या टॅरँटुला कोळिणीने आठही पाय अंगाशी ओढून घेतले होते. सकाळी सोडलेला नाकतोडा तिच्या पुढ्यातून निवांत फिरत होता. बेडरूममधल्या तिच्या काचेच्या पेटीतला तापमापक एकोणीस अंश दाखवत होता.

"हिला गारठा सोसत नाही. चोवीसच्या वर हवं," ऋजुता नवऱ्याला म्हणाली. निरंजनने लगेच बेडरूमचा एसी अठरावरून सव्वीसवर नेला आणि तो काचेशी वाकला. "सॉरी हं, राणीसाहेब. मुकं जनावर, सांगणार तरी कसं?"

तिसऱ्या दिवशी कोळिणीने पाय पसरले आणि नाकतोडा पकडला. ते तीन दिवस ऋजुताची नेहमीची शाल कपाटातच राहिली होती.

रविवारी दुपारी निरंजनने पेटी हॉलमध्ये हलवली. "तिथे एसी नाही, बाईसाहेब खूश. आता आपण आपलं अठरा करू," म्हणत त्याने रिमोट उचलला. ऋजुताचा हात सवयीने शालीकडे गेला. लग्नानंतरचे बारा उन्हाळे तो असाच जात आला होता. या वेळी तिने कपाटाचं दार लावून टाकलं.

"आजपासून सव्वीसच," ती म्हणाली. "मलाही थंडी वाजते रे. पहिल्या दिवसापासून वाजतेय."