चिमाच्या दारात रघू

२०१७ साली, नारळी पौर्णिमेच्या जरा आधी, महिपत तांडेलाचा बोका सोनूबाईच्या दारात येऊन ओरडायला लागला.

बोक्याचं नाव रघू. पिवळा, जाडा, एक कान फाटलेला, वयानेही उतरलेला. पूर्णगडात महिपतचं घर खाली खाडीच्या काठी आणि सोनूबाईचं वर, किल्ल्याच्या वाटेला. मध्ये दम काढणारा चढ.

त्या संध्याकाळी महिपत बोक्याला शोधत धापा टाकत वर आला. सोनूबाई दार ओढून पडवीत बसली होती.

"आवरा ह्याला, भावजी," ती म्हणाली. "आमच्या चिमाच्या मागे लागलाय."

"चिमा कोण?"

"मांजर माझी. आत हाय, माळ्यावर. ह्याच्या आवाजाने घाबरली."

महिपतने बंद दाराकडे बघितलं, मग अंगणाकडे. अंगणात दिवसभर सुकट वाळत असे. कावळ्यांसाठी वरून जुनं जाळं टाकलं की सोनूबाई पडवीत खुशाल डुलकी काढी. आता तिने सगळी सुकट भरून आत ठेवली होती.

"मग ह्याला समज द्यायला हवी," महिपत म्हणाला.

"द्या. पण एवढं चढून आलात, चहा घेऊन जा."

समज काही रघूला लागू पडली नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पुन्हा अंगणाच्या दगडी गडग्यावर, आणि तिसऱ्या दिवशीही. त्याचं ओरडणं सुरू झालं की मागोमाग महिपत हजर. हातात कापडी पिशवी. बोक्याला तिच्यात घालून तो खाली नेई, पण चहा झाल्यावर.

सोनूबाईचा नवरा महिपतच्याच होडीवर खलाशी होता. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, महिपतची बायकोही गेली होती. बोलायला दोघांना माणसं, वारे, मासळी, सगळं ओळखीचं होतं. पण कारणाशिवाय तांडेल वरच्या वाडीत येऊन बसला असता, तर वाडीने काय म्हटलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. आता कारण होतं, आणि ते गडग्यावर बसून ओरडत होतं.

"जावई आला गो, सोनूबाय!" शेजारची हौसा रोज हाक मारायची. "जेटीवर ताजी मासळी पायाशी पडते, ती टाकून हा म्हातारा एवढा चढ चढतो. पोरीला बाहेर तरी काढ!"

"लाजते ती."

"काय लाजायचंय? मी बघितली की परवा कौलांवर. काळी हाय, शेपटी तेवढी पांढरी."

खालच्या आळीतल्या कुणीतरी ती कबरी असल्याचं सांगितलं. त्यावर वाद झाला नाही.

गणपतीला सोनूबाईचा मुलगा आला, सागर. नालासोपाऱ्याला त्याने घर घेतलं होतं. आदल्या वर्षी विहिरीवर आई पाय घसरून पडली, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर होता. तिचं मात्र इथून हलायचं मन नव्हतं, आणि मुलाला पटेल असं कारण सापडत नव्हतं.

"आई, ह्या खेपेला सामान बांध. तेजस्वीनेसुद्धा सांगून पाठवलंय."

"सून गुणाची हाय रे. पण चिमाचं काय करू?"

"तिला पण घे."

"लिफ्टात घातलीस तर जीव सोडेल ती."

"दाखव तरी मला."

"परक्याला दिसायची नाय."

"मी परका?"

"मला नायस रे. पण वर्षातून पाच दिवस येतोस, तिला काय ठाऊक?"

सागरने माळ्याकडे मान वर करून बराच वेळ च्यक च्यक केलं. वर काहीच हललं नाही. तेवढ्यात बाहेर रघूने सूर लावला आणि सागरला हसू आलं.

"बघितलंस?" सोनूबाई म्हणाली. "ही इथून गेली तर तो अन्नपाणी सोडेल. कुणाचा शाप घेऊ?"

मुंबई पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षी तिच्या पुढच्या. तेजस्वी फोनवर आधी चिमाची खुशाली विचारी, मग सासूबाईंची.

टाळेबंदीच्या वर्षी रघू म्हातारपणाने गेला. महिपतने त्याला माडाच्या बुंध्याशी पुरलं. वाडीला वाटलं, आता तांडेलाची फेरी संपली. पण संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी वर आला.

"चिमाने मनाला लावून घेतलं असेल," तो पडवीत टेकत म्हणाला. "म्हटलं बघून येऊ."

"सकाळपासून तोंडाला काय लावलेलं नाय," सोनूबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

हौसा पुढे लेकीकडे बुरोंडीला राहायला गेली. सागर अजून नालासोपाऱ्यालाच आहे. पूर्णगडचं घर त्याने विकलेलं नाही. महिपतला गुडघ्यांमुळे तो चढ आता झेपत नाही. सोनूबाई २०२२च्या थंडीत गेली, आपल्याच पडवीत, उन्हात बसल्या बसल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सागरने भोकं पाडलेला एक खोका आणला. चिमाला टाकायची नाही, असं तेजस्वीने बजावलं होतं. त्याने माळा पाहिला, कौलं पाहिली, गोठ्यामागची लाकडं उपसली. महिपत त्या दिवशी कसाबसा चढून आला होता आणि पडवीत बसला होता. शेवटी त्याला सागरने विचारलं, "काका, कुठे गेली असेल हो ती?"

महिपतने रिकाम्या अंगणाकडे बोट केलं, जिथे सोनूबाईची सुकट वाळायची.

"मांजराच्या घरात सुकट अशी उघड्यावर राहते होय रे? चिमा नव्हतीच कधी. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

सागरच्या हातात खोका तसाच राहिला. "मग रघू कुणासाठी यायचा एवढा चढ चढून?"

"तो एकदाच आला आपल्या पायांनी, वासावर," महिपत म्हणाला. "नंतर रोज मीच आणायचो, पिशवीत घालून."