व्हय म्हाराजा

नारळ फुटायच्या आत बोलायचं, असं भिकाजी वाटभर स्वतःला बजावत आला होता. पोचला तेव्हा नारळ महादू गावकराच्या हातात होता आणि भाईच्या बागेत आंब्याच्या कलमांखाली पंधरा-वीस माणसं डोकीवरच्या टोप्या काढून उभी होती. मधोमध कुडाळहून आलेले दोघे पंपवाले, त्यांच्या पायाशी दुधासारखं पांढरं औषध भरलेलं पिंप.

वर मोहोर असा फुलला होता, की पान शोधावं लागत होतं. त्या मोहोरात मधमाशा घुमत होत्या. त्यातल्या आपल्या किती, हे भिकाजीला कळायचा प्रश्नच नव्हता. तरी त्याला सगळ्या आपल्याच वाटल्या.

गावात मधाच्या पेट्या पाळणारी घरं चार. रविवारी कुडाळहून एसटीनं मध काढायचं यंत्र यायचं होतं, त्यांतल्या लवूच्या ओसरीवर पहिला मध निघायचा होता. दुसऱ्या घरच्या सुगंधानं तर बरण्या घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. आणि काल ते कार्ड आलं. मोहोर फुललेला असताना दिवसा औषध मारू नये, माशा मरतात. मारणं भागच असेल तर सूर्यास्तानंतर मारावं, असं पेट्यांचं शिक्षण देणाऱ्या गुरुजींनी कळवलं होतं. हे भाईला सांगायचं कुणी? चौघांत चारचौघांसमोर तोंड उघडणारा एकटा भिकाजी, म्हणून त्याला पुढे केलं होतं.

"भाईनू," तो म्हणाला, "माका दोन शब्द बोलूचे आसत."

भाई माणूस वाईट नव्हता. गेल्या साली तुडतुड्यांनी मोहोर शोषला आणि देवापुढे ठेवायलाही त्याच्या बागेत आंबा राहिला नव्हता. "बोल मरे," तो म्हणाला, "पण आदी गाऱ्हाणा होवंदे. मदी बोला नये."

आता देवीला घातलेल्या गाऱ्हाण्याच्या मध्ये कोण बोलणार? भिकाजीनं टोपी काढली.

"बाय माझ्ये सातेरी माउल्ये," महादूनं आवाज लावला, "आज ही लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेंच्या हातून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मोहोरार जा काय बसात, किडो असो, माशी असो, तेचा बीज शिल्लक ठेव नको!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. पाणी उडालं. आणि तेव्हा भिकाजीच्या ध्यानात आलं, की ह्या शेवटच्या हाकेत सगळ्यात खणखणीत आवाज आपलाच होता. लहानपणापासूनची सवय. महादू थांबला, की गावाच्या तोंडून ते आपसूक निघतं. कशाला होकार देतोय ते ऐकायला कुणाला सवड असते?

"हां, आता बोल," भाई म्हणाला.

"औषध दिवसाचा मारू नका, भाईनू. सांजेक मारा. आमच्यो माश्यो ह्या घडयेक मोहोरार आसत. चार घरांच्यो."

"कसल्यो माश्यो?"

"सातेरी," भिकाजी बोलून गेला. पेटीतल्या ह्या माशीचं नाव तेच, गावच्या देवीचंही तेच. मागून कुणीतरी खुसकन हसलं.

भाई हसला नाही. "पंपवाल्यांका बाराची गाडी गाठूची आसा. आनी मगाशी तू देवीसमोर व्हय म्हटलंस. मी माझ्या कानान आयकलंय. आता नाय म्हणतंस?"

भिकाजीनं महादूकडे पाहिलं. म्हातारा खोबऱ्याचे तुकडे करत होता. खिशातलं कार्ड काढून दाखवावं, असं भिकाजीला फार वाटलं. पण देवीला दिलेल्या शब्दापुढे पोस्टाचं कार्ड? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पंपाचा दांडा खाली गेला, वर आला. पांढरा फवारा पहिल्या कलमावर चढला.

बागेच्या दगडी गडग्याच्या पलीकडे सुगंधा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "भिकाजीनू, तुमका आमी बोलूक धाडलेला," ती म्हणाली, "व्हय म्हणूक न्हय." आणि भराभर घराकडे वळली. "चला, माती कालवा, पेट्यांची दारां लिंपा. औषध लागलेली एक जरी भितर गेली, तरी आख्खी पेटी गेली."

"आनी भायर गेलेल्यो?" भिकाजीनं विचारलं.

"भायर गेलेल्यो आता आपल्यो न्हय."

भिकाजी धावत घरी आला. फणसाखाली पेटी होती. त्यानं चिखलाचा गोळा केला आणि पेटीच्या दाराशी उकिडवा बसला. आत हजारो पंखांची गुणगुण चालली होती. त्यानं डोळे मिटून दार लिंपून टाकलं. गुणगुण मोठी झाली.

थोड्या वेळानं पहिली माशी परत आली. मग दहा, मग पन्नास. दार जिथे होतं नेमकं तिथेच उतरत होत्या. काही उतरताच उलट्या होऊन पाय झाडू लागल्या. बाकीच्या त्याच्या चिखलानं माखलेल्या बोटांवर चढल्या आणि त्या ओल्या बोटांत वाट शोधू लागल्या.

एकीनं तरी चावावं, असं त्याला फार वाटत होतं. त्यानं हात तसाच ठेवला. एकही चावली नाही.