काठावरच्या चपला

शिरगावची खाण बंद पडून तिथे तळं झालं होतं. समुद्रात बुड्या मारून मन न भरलेली विनोदिनीबाईंची नात दीक्षा येत्या रविवारी त्यात उतरणार होती. पाठीवर हवेची टाकी, हातात पाण्यातला दिवा, सोबत दोन मैत्रिणी. सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत.

"दर्या आटलो काय गो, म्हणून त्या लाल चिखलात बुडूक जातंस?" विनोदिनीबाई कडाडल्या.

दीक्षा हसली नाही. आजीच्या पायाशी बसत म्हणाली, "मजेसाठी नाही गं आजी. आजोबांसाठी चाललेय. पावसाने भरलेल्या त्या खाणीच्या काठावर त्यांच्या नुसत्या चपला मिळाल्या, ते नाहीच मिळाले ना? निदान हाडं तरी वर आणते. तुझ्या डोळ्यांदेखत त्यांना अग्नी देऊ."

इतकी वर्षं पांढऱ्या कपाळाने, ताठ मानेने साऱ्या गावाला दरडावणाऱ्या विनोदिनीबाईंनी तिला जवळ ओढलं. नातीच्या केसांवरून हात फिरवत त्या एवढंच म्हणाल्या, "नको गो बाय. काय मेळाचा नाय थंय."



नवरा गुरुदास दुसरीचा हात धरून निघून गेला त्या पहाटे, उद्या गावाने आपल्याला 'टाकलेली' म्हणू नये म्हणून, त्याच्या जुन्या चपला त्या काठावर विनोदिनीबाईंनीच नेऊन ठेवल्या होत्या.