घरपट्टीमाफीचा फ्लेक्स

"सिस्टर, बाईला कळा सुटल्यात आणि वरून तोंडावर पाणी पडतंय!" आयाबाई ओरडल्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहाचं छप्पर सलग तिसऱ्या पावसाळ्यात गळत होतं.

मी इंजिनिअरला फोन लावला. "राज्य सरकारनं घरपट्टी माफ केली, भरपाई काही दिली नाही. महापालिकेकडे आता पत्रा आणायलाही पैसे नाहीत," तो म्हणाला. "तुम्हीच बघा काहीतरी."

बघितलं. फाटकावर त्याच माफीबद्दल मंत्र्यांचे जाहीर आभार मानणारा फ्लेक्स होता. तो लागला त्या दिवशी मीही दोन पेढे खाल्ले होते. माझंही घर माफीत बसत होतं. आम्ही दोघींनी तो उतरवला आणि खिडकीच्या गजांना, सलाईनच्या स्टँडला बांधून खाटेवर ताणला.

"साहेबांचं तोंड वर करू की खाली?" आयाबाईंनी विचारलं.

"खाली करा, मावशी. भिजतील बिचारे."

तासाभरानं मुलगी झाली. तिला छातीशी धरून आई वर बघत राहिली. तिथं मंत्री हात जोडून हसत होते.

"हे कोण, सिस्टर?"

"सगळ्यांची घरपट्टी माफ करणारे."

"आमचं कुठं घर आहे?" ती म्हणाली. "आम्ही भाड्यानं राहतो."